पंप पाणी उचलत नाही

पंप दुरुस्तीच्या दुकानात एक डबा असतोच. सुटे नट, वायसर, व्हॉल्व्हचे रबर. कोणता कोणत्या पंपाचा ते कोणालाच आठवत नाही, पण फेकवत नाही. किश्शांचंही तसंच. अमरावतीत माझं आणि रफीकभाईचं दुकान आहे. लोक म्हणतात, तिथं काय गंमत असणार! असते हो. पण मी जन्माचा भित्रा, त्यामुळे माझ्या किश्शात गमतीच्या आधी भीती येते. सांभाळून घ्या.

रफीकभाईची एक सवय आधी सांगतो. पंप कोणताही असो, पाणी उचलत नसेल तर हा पठ्ठ्या पाइप तोंडात धरून हवा ओढणार. तसं आमच्या वऱ्हाडात सगळेच करतात. फवाऱ्याचं नोझल चोंदलं की तोंडानं फुंकायचं, पाइपात हवा अडली की तोंडानं ओढायची. मी ओरडायचो. तो म्हणायचा, "भाऊ, तोंड लावल्याबिगर पंपाले आपली ओळख पटत नाही!"

*

वानखडे मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दर दिवाळीच्या सुट्टीत मुलींचा कॅम्प घेऊन मेळघाटात जातात, धारणीच्याही पुढे. मुलींना नदीवर आंघोळीचा संकोच, म्हणून त्यांनी कुठून तरी शॉवरचा एक सेट आणला. बादलीत सोडायचा चिमुकला पंप, जीपच्या बॅटरीला लावायचे दोन चिमटे, वर फवारा, भोवती ताडपत्री.

"नुसता घूं घूं करतो. पाणी नाही," मॅडम म्हणाल्या.

रफीकभाईनं लगेच पाइप तोंडात धरला आणि जोरात ओढलं. डोळे पांढरे, तोंडातून भसाभस फेस! मला वाटलं, फिट आली. मी चपला शोधायला लागलो, रफीकभाईला हुंगवायला!

कोणीतरी पाइपात शॅम्पू सांडून ठेवला होता. रफीकभाईनं तोंड पुसलं. "मॅडम, माल चांगला आहे. पुढच्या टायमाले थोडं खोबरेल बी टाकजा!"

*

दुसऱ्या वर्षी कॅम्पात मॅडमचा ड्रायव्हर गजू यानं चिमटे उलटे लावले. लाल जागी काळा. मोटर उलटी फिरली, पाणी वर चढेना, बादलीतून नुसती गुरगुर. ताडपत्रीआड उभ्या पोरीनं गुरगुर ऐकली आणि किंचाळली, "अस्वल!"

सगळा कॅम्प जीपच्या टपावर. मॅडम एकट्या काठी घेऊन खाली. ताडपत्री बाजूला केली, तर बादली गुरगुरतेय!

"पण मॅडम, अस्वलच असतं तर?" मी दुकानात ऐकताना विचारलं.

"तर काय? त्याला आंघोळ घातली असती!"

त्या हसल्या. मी मात्र दोन रात्री नीट झोपलो नाही.

*

आता हे हसण्यासारखं नाही. फवारणीचे दिवस होते. नांदगाव खंडेश्वरचे नामदेवराव बॅटरीचा फवारा घेऊन आले. नोझल चोंदलेलं. मी पाना शोधतोय तोवर त्यांनीच ते ओठांत धरून फुंकलं. बोलता बोलता घामानं निथळले, तोंडातून लाळ, आणि बसल्या जागी कलंडले. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो औषधाचा वास माझ्या शर्टातून गेला, नाकातून काही गेला नाही.

नामदेवराव वाचले. बरे झाल्यावर फवारा न्यायला आले. मी नोझल काढून हातात दिलं, तर त्यांनी काय करावं? फुंकलं!

"अहो नामदेवराव!"

"सवय हो भाऊ," ते ओशाळून म्हणाले.

*

ही गोष्ट रफीकभाईच्या घरी पोचली. तेव्हापासून नसीमभाभींचा रोज दुकानात फोन. "भाईजान, आज किसमें मुँह लगाया इन्होंने?"

"कशातच नाही भाभी."

"कसम खाओ."

आता कसम कशी खाणार? एकदा त्या स्वतःच आल्या. सायकलचा हवा भरायचा पंप टेबलावर आपटला. "फूँकना है तो इससे फूँको. मुझे बेवा नहीं होना." बाई रडत होती. रफीकभाईनं तो पंप खिळ्याला टांगला, वर हार घातला, आणि पुन्हा म्हणून हात लावला नाही.

*

त्या दिवाळीत शॉवरचा पंप जळाला होता. गजू म्हणाला, "पंपाचं मी पायतो." मॅडमनी तरी आम्हाला सोबत नेलं. "या वेळी मेकॅनिक जवळ हवा!"

सकाळची थंडी. पोरी टॉवेल घेऊन रांगेत. गजूनं पंप जोडला, आणि हाक मारली, "रफीकभाई, पानी उचलून नाही राहिला!"

रफीकभाईनं पाइप उचलला. मी शेजारीच. आणि नाकात तोच वास! मी पाइप हिसकावून फेकला.

"पागल झाला का बे?" रफीकभाई भडकला.

"गजू, पंप कुठला आहे?"

"घरच्या फवाऱ्याचा काढला. पऱ्हाटीवर औषध मारून झालं न आता. चांगला घासून धुतला भाऊ!"

"पाइप?"

"पाइप तोच हाय."

रफीकभाई पांढरा पडला. हळूच म्हणाला, "गज्या, तू काय करून पायलं?"

"तोंडानं ओढलं न. चांगलं दमानं. कडू आलं, थुकून टाकलं."

गजूनं कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

ड्रायव्हर तोच, आणि आम्हा दोघांनाही गाडी येत नाही. मॅडम स्टिअरिंगवर बसल्या. तो रस्ता, ते खड्डे! मागं रफीकभाई गजूला गदगदा हलवत होता. "बोल बे! बायकोचं नाव सांग! पोराचं सांग!" गजू नावं सांगत होता, मग अर्धी सांगायला लागला. मी देवाचं नाव घेत होतो, आणि तेही चुकत होतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. पोट धुतलं, इंजेक्शनं दिली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वेळेवर आणलं. वाचेल." मी भिंतीला टेकून खालीच बसलो.

मग डॉक्टर गजूच्या खाटेवर बसला. अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी काही झालं होतं का? कशासाठी घेतलं औषध?"

गजूची जीभ जड. "साहेब, पंप पानी उचलत नव्हता. पोरी आंघोळीच्या खोळंबल्या होत्या."

डॉक्टरनं आमच्याकडं पाहिलं.

"खरं सांगून राहिला साहेब," रफीकभाई म्हणाला. "शॉवरचा पंप."

"बरं," डॉक्टर म्हणाला. आणि जाता जाता नर्सला सांगितलं, "याला एकट्याला सोडू नका."

रफीकभाईला एकदम हसू फुटलं. मलाही. सकाळपासूनची सगळी भीती त्या हसण्यात बाहेर पडत होती, थांबेचना.

शेजारच्या खाटेवर एक जवान पोरगा निपचित पडला होता. त्याचा बाप उशाशी बसून आमचं सगळं ऐकत होता. तो वाकून म्हणाला, "हासू नका भाऊ. माह्या पोरानं बी पयल्या खेपेले पंपाचंच नाव सांगतलं होतं."