दिन्याची ओढलेली तार

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाई. बायकोजवळ नाई, बँडमधल्या दोस्तांजवळ तर नाईच. तुम्ही फक्त ऐकून घ्या — मधात टोकलं तर मी पुन्हा गप्प बसीन.

वर्ध्यात माझा गिटारचा क्लास आहे. आजकालची पोरं येतात अन् काय मागतात, ठाऊक आहे? "सर, स्पीड नको. एकच सूर असा लांबवा की काळजात गेला पाहिजे." मोबाइलवर तेच पाहतात, तेच पाहिजे असते. मी तिसरी तार हळूहळू वर ओढून दाखवतो. पोरं म्हणतात, "वा सर!" अन् मी — मी गिटार खाली ठेवून देतो.

काऊन की ते माझं नाई. ते दिन्याचं आहे.

दिन्या माझा पुलगावचा दोस्त, कॉलेजातला. त्याचे बाबा खंजेरी भजनात गात. आवाज न तोडता ते एका सुरावरून दुसऱ्यावर जसे घसरत जात, तसंच हा रॉकच्या सोलोत तार ओढून करे. कोणी शिकवलं नव्हतं त्याले. तेव्हा आमच्यात गिटारवाला जोखायचं माप एकच — किती फास्ट वाजवते! ठेका देणारं यंत्र, मेट्रोनोम, त्याचा वेग वाढवत न्यायचा, बोटं सुजेस्तोवर. ज्याचा आकडा मोठा तो उस्ताद. काय मूर्खपणा होता, राजेहो! पण त्या मूर्खपणात मी पहिला होतो, अन् तो पहिला नंबर मले सोडायचा नव्हता.

गॅदरिंगच्या बँडमध्ये लीड, म्हणजे मुख्य गिटार एकच राहणार होती. निवडीच्या काही दिवस आधी दिन्या माझ्या खोलीवर आला. त्यानं स्वतः बसवलेला सोलो वाजवला. मोजकेच सूर. मले — आता खोटं काऊन बोलू — अंगावर काटा आला. डोळे भरले, म्हणून मी पंखा वाढवायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

"खरं सांगजो बे," तो म्हणाला. "तुले समजते यातलं. कसं वाटलं?"

भरोसा होता हो त्याचा माझ्यावर. आमच्या ओळखीत रॉक असं कान देऊन ऐकणारे आम्ही दोघंच. "बाप रे, दिन्या!" एवढं म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? लीड गेली असती. बस्स.

मी म्हटलं, "भजन वाटून राह्यलं बे. असं रडकं आता कोणी ऐकत नाई. जमाना स्पीडचा आहे."

तो हसला. "बरं झालं सांगितलं," म्हणाला.

मग भिडलाच तो, स्पीडच्या मागे. निवडीच्या दिवशी माझ्यासारखं वाजवाले गेला अन् अर्ध्यातच त्याची बोटं अडकली. पोरांनी हुर्यो केली. मीही हसलो — हो, मीही. लीड मले मिळाली. दिन्यानं गिटार भाच्याले देऊन टाकली. आता पुलगावात त्याचं कृषी केंद्र आहे.

तुम्ही म्हणाल, जवानीत होते असं. होते? मग पुढे जमाना फिरला, लोक त्याच हळू सुराकडे आले, तेव्हा मी काऊन नाई गेलो त्याले सांगाले? उलट त्याची ती ओढ माझी म्हणून स्टेजवर वाजवली. टाळ्या घेतल्या. क्लासात शिकवली. लाज वाटे, तरी वाजवे.

यंदा तो क्लासात आला, पोरीचं नाव घालाले. मी नेमकं तेच शिकवून राह्यलो होतो. तो दारात उभा राहून ऐकत राह्यला. मले वाटलं, ओळखलं यानं.

"काय वाजवतं गड्या तू!" तो म्हणाला. "मीही असंच काहीतरी करून पाहे तेव्हा. मले नाई जमलं. तू तोंडावर सांगितलं म्हणून वाचलो, नाईतर जिंदगीभर स्वतःले गिटारवाला समजत बसलो असतो."

मी तोंड उघडलं होतं. खरंच, उघडलं होतं. अन् त्यातून निघालं — "चहा घेतं का?"

त्याची पोरगी आता रोज येते. काल तिची तार बरोबर त्या सुरावर पोचली, कुठंही न तुटता. मी शाबास म्हटलं. ती खूश झाली. म्हणाली, "आता घरी जाऊन बाबाले दाखवते, सरांनी काय शिकवलं ते."