बुधवारच्या गोळ्या

साठी उलटल्यावर मी प्रथमच स्वतःविषयी काही लिहीत आहे, आणि आरंभ माझ्या एका गप्प राहण्यापासून करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. अकोल्यातील एका धर्मादाय दवाखान्यात मी कारकून होतो. अफू सोडू इच्छिणाऱ्यांची नोंदवही माझ्याकडे असे. नाव नोंदवलेल्या माणसाला दर मंगळवारी आठवड्याच्या गोळ्या मिळत. त्यांतील अफूचे प्रमाण डॉक्टर हळूहळू उतरवीत. लागोपाठ दोन मंगळवार चुकले की नाव कमी होई. ज्याला पूर्वी शिक्षा झालेली असेल, त्याला शिवाय पोलिसांचा ना-हरकतीचा कागद आणावा लागे.

पातूरकडचा एक माळी असा कागद घेऊन आला. चोरटी अफू नेताना तो पकडला गेला होता आणि तुरुंगात राहून आला होता. कागद मिळवण्यातच त्याचा सारा उन्हाळा गेला. घरी वांग्यांचा मळा होता. पण अफू सुटेपर्यंत मळ्यात पाय ठेवायचा नाही, असे थोरल्या भावाने त्याला बजावले होते.

आरंभी त्याची मात्रा तुरीच्या दाण्याएवढी होती. पावसाळा संपताना ती ज्वारीच्या दाण्यावर आली. त्याच सुमारास त्याच्या ठाण्यावर नवा अंमलदार आला, आणि शिक्षा झालेल्यांची शुक्रवारची हजेरी त्याने मंगळवारी नेली. त्या ठाण्यावरून अकोल्याला येण्यात अख्खा दिवस जाई.

माळी एका सोमवारीच दवाखान्यात आला. शिपायाने त्याला दारात हटकले.

"कावून रे, वार इसरला का? आज तं सोमवार हाय."

"उद्या ठाण्यावर हजेरी हाय, भाऊ. तिथं नाई गेलो तं धरून नेतीन, इथं नाई आलो तं बाबूजी नाव काटतीन. आता अर्धा तिकडे पाठवू का?"

"तोंड इकडे पाठव. गोळी तोंडानंच खातं ना?"

दोघेही हसले. मग तो माझ्याकडे वळला. "बाबूजी, मले आजच देऊन टाका न."

"नियम मंगळवारचा आहे," मी म्हणालो.

हे खरे नव्हते. सरकारी परिपत्रकाची नक्कल मीच केली होती, आणि तीत आठवड्यातील एक ठरावीक दिवस एवढेच म्हटले होते. मंगळवार आमच्या दवाखान्याने ठरवला होता, कारण त्या दिवशी डॉक्टर शस्त्रक्रिया करीत नसत. डॉक्टर आतच बसले होते. मध्ये दहा पावलांचे अंतर असेल. परंतु वरिष्ठांनी विचारल्यावाचून त्यांच्यापुढे नियमाची गोष्ट काढणे मला औद्धत्याचे वाटे. मी वाक्य मनात जुळवीत राहिलो. ते जुळेपर्यंत माळी निघून गेला होता.

दोन मंगळवार गेले. मी त्याचे नाव कमी केले, तेही सुवाच्य अक्षरात.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आपण होऊन विचारले, "तो पातूरचा माळी दिसत नाही?" तेव्हा मी सारे सांगितले. त्यांनी परिपत्रक मागवून वाचले.

"हे तुम्हांला ठाऊक होते?"

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

मी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहिले, की हजेरी असलेल्यांना बुधवारी गोळ्या द्याव्यात. चष्मा पुसायला लागावा तेवढाच वेळ त्याला लागला.

मात्र कमी झालेले नाव पुन्हा चढवायचे, तर पोलिसांचा कागदही पुन्हा हवा होता. ते डॉक्टरांच्या हाती नव्हते. माळी तो कागद घेऊन संक्रांतीनंतर आला. मधल्या काळात त्याने बाहेरून अफू मिळवली होती; मात्रा पुन्हा तुरीच्या दाण्यावरून सुरू करावी लागली. वहीकडे पाहत मी त्याला घडलेले सांगितले.

"म्हंजे तवा तुमी बोलले असते, तं झालं असतं?"

"होय."

"एवढे शिकेल माणूस तुमी, बाबूजी." पुडी कमरेला खोचत तो म्हणाला, "तोंड उघडाचं तेवढं कोणी शिकोलं नाई."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. अंगठा उठवून तो गेला.

पुढच्या वर्षी मी अमरावतीला नोकरी धरली. मी निघालो तेव्हा बुधवारी नऊ जण येत असत. माळ्याची गोळी ज्वारीच्या दाण्यावर परत आली होती. मळ्यात त्याला अजून घेतलेले नव्हते.