धाकट्या जावेची नजर

थोरली जाऊ घरच्या दुकानात रफू करायची. कोटाला पडलेलं भोक तिने एकदा भरलं की कोटवाल्यालाही ते शोधावं लागे. धाकटी जाऊ त्याच दुकानात इस्त्री करायची. दोघींचे नवरे मागेच गेले होते, दुकान दोघींनी मिळून चालवलं. धाकटी वयाने खरं तर वर्षाने मोठी, पण नात्याने धाकटी, म्हणून थोरलीला "ताई" म्हणे. थोरलीला ते आवडायचं.

साठी उलटली तशी थोरलीची नजर गढुळली. एकदा तिने काळ्या कोटाला गडद निळ्या दोऱ्याने रफू केलं. गिऱ्हाइकाने कोट उन्हात नेऊन दाखवला, तेव्हा तिला कळलं. डॉक्टरीणबाईंनी दोघी जावांना मोतीबिंदू सांगितला आणि दोघींची ऑपरेशनं लागोपाठ झाली.

धाकटी घरी आली ती बोलतच. "ताई, आपल्या पडद्यावर फुलं आहेत. मी आपली डाग समजत होते." सुईत दोरा एका झटक्यात ओवायला लागली. थोरलीलाही रंग परत मिळाले, पण कापडाचे उभे-आडवे धागे काही सुटे दिसेनात. दिवस कलला की गडद कापड म्हणजे नुसता चिखल.

"माझं ऑपरेशन बिघडलं," तिने डॉक्टरीणबाईंना सुनावलं.

"बिघडलं नाही. भिंग पिवळं पडलं होतं, ते बदललं. पण वयाने बाहुली बारीक होते, उजेड कमी आत येतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या पेशी झिजतात. आणि तिथून आलेलं चित्र मेंदूने लावायचं असतं, तोही आता सावकाश लावतो. त्याला ऑपरेशन नाही. कामाला भरपूर उजेड घ्या."

"मग तिचं कसं बरं झालं? ती तर माझ्याहून मोठी."

"सगळ्यांचं सारखं नसतं हो."

हे थोरलीला फार लागलं. धाकटीने तिच्यासाठी प्रखर दिवा आणला, तो ती लावीना. काम तुंबलं, तेव्हा धाकटीनेच एक बाही रफूला घेतली आणि तिचा पार गोळा केला. थोरलीला इतकं बरं वाटलं की ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

"डोळे आहेत, हात कुठे आहे?" ती म्हणाली.

"मग शिकवा ना, ताई."

तिने शिकवलं, पण एक गोष्ट पोटात ठेवली. दोरा ताणायचा नसतो, किंचित सैल सोडायचा असतो. धाकटीच्या रफूला इस्त्रीखाली चुण्या पडत. ती उसवायची, पुन्हा भरायची. एके दुपारी बाही सपाट बसली.

"दोरा सैल सोडायचा होता का?"

"हो."

"आधी सांगायचं ना."

"सांगणार होते."

धाकटीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा कोट उचलला. दुसऱ्या दिवशी थोरलीने दिवा लावला आणि जाड लोकरीची कामं स्वतःकडे ओढली. बारीक विणीचं सगळं धाकटीकडे गेलं.

पुढे एक बाई आपला कोट उलटसुलट करून म्हणाल्या, "भोक होतं कुठे? कोणी केलं हे?"

"मी केलं, पण शिकवलं ताईंनी," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान खाली घातली. एवढा मनाचा मोठेपणाही हिच्याकडेच असावा, याने ती आणखीनच जळली.