घोंगडं, पटका आणि माळढोक

आधीच सांगते, मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. कुणी असले अनुभव सांगायला लागलं की 'योगायोग हो!' म्हणून मोकळी होते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

माझे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. पक्ष्यांचं वेड मूळचं त्यांचं. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. 'आपल्याकडचा माळढोक संपला' असं जो तो म्हणतो, आणि ते ऐकलं की अण्णांना घास गोड लागत नाही. गेल्या हिवाळ्यात म्हणाले, "एकदा नान्नजच्या माळावर जाऊन बघून ये गं. नसला तर नाही म्हणून सांग. माझी समजूत काढायला खोटं बोलू नकोस." बापाला लेक बरोबर कळते!

रविवारी पहाटेच एकटी स्कूटीवरून निघाले. उन्हं वर आली तसा माळ सोनेरी झाला. चंडोल गात होते, खाटीक पक्षी बाभळीवर ऐटीत बसला होता — मी भलतीच खुशीत. आणि लांब गवतात... तपकिरी अंग, वर पांढरी मान! माळढोक!! पोटावर सरकत सरकत पुढं गेले, दुर्बीण लावली. तोच 'माळढोक' उठून उभा राहिला.

"ओ ताई, काय बगताय एवडं? माणूस हाय की मी!"

घोंगडं पांघरून बसलेला धनगर होता, डोक्याला पांढरा पटका. कारण सांगितलं तर तो पोट धरून हसला, मीही हसले. "आता कुटं ऱ्हायलाय त्यो! दिसला तर नशीब तुमचं," म्हणत मेंढरं हाकत निघून गेला.

मी तिथंच बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्याच गवतातून खराखुरा माळढोक चालत आला. थांबला, डावा पंख पसरून झटकला — त्यातलं एक पीस मोडून लोंबत होतं — आणि पुन्हा गवतात शिरला. मी रडत होते की हसत होते, मलाच ठाऊक नाही. कॅमेरा गळ्यातच राहिला. फोनला रेंज नव्हती, म्हणून तशीच घरी पळाले.

दारातच आई. "काय गं, तिथं धनगर भेटला का तुला?"

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. आई म्हणाली, सकाळी ती शेंगा फोडत होती. अण्णा एकदम उठून बसले अन् खो खो हसायला लागले — 'अगं पोरी, पटका आहे तो! धनगर आहे!' मग बराच वेळ गप्प. नंतर आईलाच दटावलं, 'शेंगा फोडू नकोस, उडेल तो.'

आता, धनगराला माळढोक समजण्याची चूक अण्णांनीही तरुणपणी केली असेल. माळावर सगळेच फसतात. तेच स्वप्नात आलं असेल... असं स्वतःला समजावत आत गेले. अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच अण्णा म्हणाले, "डाव्या पंखातलं ते पीस गळून पडेल बघ त्याचं. नवीन येईल."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"फोटो नाही काढता आला, अण्णा."

"राहू दे गं. बघितला की आपण दोघांनी!"

किती आनंद होता त्या चेहऱ्यावर! उत्तर मी खूप शोधलं, मिळालेलं नाही. अण्णा मात्र येईल त्याला सांगतात, 'मी परवा माळढोक बघितला.' लोक गोंधळून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, हो, बघितलाय त्यांनी.