जुना फोन विकण्यापुरती फ्रेंच

फ्रान्सला जाण्याआधीचे तीन महिने मी अंबाजोगाईला अप्पांच्या दुकानात बसून फ्रेंच शिकले. अप्पा म्हणजे माझे वडील. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला त्यांची मोबाईल शॉपी होती. काचेत नवे फोन नावाला दोन-चार, बाकी सगळा धंदा जुन्या फोनांचा. घरी नेट धड चालत नसे, म्हणून मी दुपारी दुकानात मागच्या खुर्चीवर बसून पुण्याच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास करायचे. ज्वारीवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करायला मला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली होती. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागणार होतं. बाजारात भागेलच असं नाही, असं बाई म्हणायच्या.

बाई शिकवायच्या ते कॉफी कशी मागायची, स्टेशन कुठं आहे ते कसं विचारायचं. अप्पा काउंटरवरून ऐकत असत. एक दिवस ते म्हणाले, "काफी तर तू पीतच न्हाईस. कामाचं कायतरी शिकवा म्हणाव त्यास्नी."

"कामाचं म्हणजे काय?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक फोन काढला. एका डॉक्टर होणाऱ्या मुलीनं विकलेला, जपून वापरलेला, खोक्यासकट. "ह्यो संगं ने. परक्या मुलखात अडचण आली तर इकून टाक. पूर्वी लेकीच्या अंगावर सोनं घालून पाठवायचे. सोनं मोडायचं म्हणलं की जीव तुटतो. फोनचं तसं न्हाई."

खोकं माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "पण इकायचा कसा, त्ये शिकावं लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर प्रश्न लिहून आणले. वीस वर्षं काउंटरच्या अलीकडं बसून ते गिऱ्हाइकाला जे विचारत आले तेच, त्याच क्रमानं. बिल आहे का? खोकं आहे का? पाण्यात पडला होता का? कुणी उघडला होता का? बॅटरी किती वेळ टिकते? ओळखपत्र दाखवा. बाईंना मी ते वाचून दाखवले तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. पुढचा क्लास त्यांनी अख्खा त्या कागदावरच घेतला आणि मी सगळं देवनागरीत उतरवून घेतलं.

मग तालीम सुरू झाली. अप्पा दुकानदार. मी रस्त्यावरून पायरी चढून आत यायचं आणि आधी "बाँझूर" म्हणायचं. बाईंनी बजावलं होतं, तिथं नमस्कार केल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. अप्पांना ते पटलं. "आपल्याकडं तरी राम राम घेतल्याबिगर कोण बोलतंय," म्हणाले. प्रश्न विचारताना ते कागद डोळ्यांपासून लांब धरत आणि चष्म्यातून माझ्याकडं असं बघत, जणू मी फोन चोरूनच आणलाय. मी चुकले की परत रस्त्यावर पाठवत.

'किती' याला फ्रेंचमध्ये 'कोंब्यँ' म्हणतात. तो शब्द अप्पांच्या तोंडात असा बसला, की घरी जेवतानाही ते "कोंब्यँ, कोंब्यँ" करत. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आई ताट वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "कुणाची कोंबडी काढलीत ही?" त्यांना सगळ्यात आवडलेलं वाक्य होतं, 'से त्रो प.' हे फार कमी होतंय. एकदा बॅटऱ्या देणाऱ्या एजंटापुढं त्यांनी ते ठोकून दिलं. त्याला वाटलं, अप्पांनी शिवी दिली.

एका प्रश्नावर ते फार अडून बसायचे. पूर्क्वा, म्हणजे का. कावून इकता?

"ह्येचं उत्तर एकच," ते म्हणाले. "नवा घेतला म्हणून जुना इकायचाय. गरज हाय असं काय केल्या सांगायचं न्हाई. गरज कळली की भाव पडतो."

ते उत्तर त्यांनी माझ्याकडून रोज म्हणवून घेतलं.

फ्रान्सला गेल्यावर नोव्हेंबरमध्ये फोन विकायची वेळ आली. बँकेत खातं उघडायला घराच्या पत्त्याचा एक कागद कमी पडत होता आणि खात्याशिवाय शिष्यवृत्ती जमा होईना. बरोबर नेलेले दोन स्वेटर मी एकावर एक घालत होते. आमच्याकडच्या थंडीला शेकोटीनं भागतं, तिथल्या थंडीत माझ्या हातात पेन धरवेना. एका दुपारी मी अप्पांनी दिलेला फोन खोक्यासकट पिशवीत घातला आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात शिरले.

काउंटरमागं पन्नाशीचा एक माणूस होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बाँझूर म्हणाले. त्यानंही म्हटलं. त्यानं फोन उलटापालटा केला, उजेडात तिरपा धरून काच बघितली आणि विचारलं, बिल आहे का? मग खोकं. मग पाणी. मला तोंडात हसू दाबावं लागलं. भाषेचा हेल वेगळा होता, पण प्रश्न अप्पांचे होते आणि जवळजवळ त्याच क्रमानं येत होते. मी अडखळले नाही.

मग त्यानं विचारलं, पूर्क्वा?

रोज घोकलेलं उत्तर होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "झे फ्रवा." मला थंडी वाजते.

त्यानं माझ्या दोन स्वेटरांकडं बघितलं. कागदावर आकडा लिहून माझ्यापुढं सरकवला. मी "से त्रो प" म्हणाले, तेव्हा त्यानं थोडा वाढवला, कुठलाही दुकानदार वाढवतो तेवढाच. पासपोर्ट बघून वहीत नोंद केली. मी निघाले तर हाक मारून त्यानं एका चिठ्ठीवर रस्ता काढून दिला. दोन गल्ल्या सोडून वापरलेल्या कपड्यांचं एक दुकान होतं. तिथं मला खांद्यात ढगळ असा एक तपकिरी कोट मिळाला. दोन्ही हिवाळे मी तोच वापरला.

कोट घालूनच मी अप्पांना फोन लावला. तिकडं दिवेलागण झाली होती. त्यांनी एकेक प्रश्न मोजून घेतला. "आन् कावून इकता, म्हणला का?"

"म्हणला."

"मग?"

"नवा घेतला म्हणलं."

त्यांना फार बरं वाटलं. शेजारच्या टेलरला सांगताना मला ऐकू आलं, "तिथं बी ह्येच इचारत्यात. म्हंजे आमी काय अडाणी धंदा करत न्हाई."

आता मी अंबाजोगाईलाच कॉलेजात शिकवते. लोक जुना फोन घरबसल्या ॲपवर विकतात आणि अप्पांच्या दुकानात कव्हर नि चार्जर तेवढे उरलेत. तरी माझा शेवटचा तास संपला की मी तिथं जाऊन बसते. ती तालमीची दुपार, रस्त्यावरून पुन्हापुन्हा आत येणं, मला अजून हवंसं वाटतं. गेल्या उन्हाळ्यात अशीच बसलेली असताना मी त्यांना खरं सांगून टाकलं.

ते काच पुसत होते. "मग पाडला का भाव त्यानं?"

"न्हाई."

"मी पाडला असता," ते म्हणाले. काचेचा कोपरा परत पुसत पुढचं बोलले. "पाडलाय बी. दुकान नवं होतं तवा नांदूरघाटची एक बाई आलती. नवरा दवाखान्यात हाय म्हणली, सगळं सांगितलं तिनं. मी आकडा लई कमी बोललो. बाई भांडली बी न्हाई, दिले तेवढे पैसे घेऊन गेली. म्हणून तुला तसं शिकवलं."

"ती परत आली होती का कधी?"

"न्हाई आली. तिचा फोन मी लई दिवस तसाच ठेवला. मग तलवाड्याच्या एका मास्तरला दिला."

त्यांनी फडकं झटकलं आणि चहा सांगायला बाहेर गेले.