ओले केस विंचरू नयेत

रविवारी सकाळी न्हाणीत घंगाळ सरकवल्याचा आवाज आला की मी माजघराच्या कोपऱ्यात दडून बसायचे. काकू शिकेकाईचं पाणी गाळून ठेवायची, पाट मांडायची, पदर खोचायची आणि हाक मारायची, "चल पोरी, डोकं धुवायचं."

मग जेवणाची वेळ होईपर्यंत ती माझ्या केसांशी भांडायची आणि मी तिच्याशी.

माझे केस आईवर गेलेले. आई टांझानियाची. बाबा बुऱ्हाणपूरचे. इथल्या गिरणीत विणाईखात्यात काम शिकले आणि तिकडच्या एका कापडगिरणीत मागांवर देखरेख करणारे मास्तर म्हणून गेले. तिथे आई भेटली, लग्न झालं, मी झाले. मी नऊ वर्षांची असताना ती गिरणी बंद पडली. बाहेरचं स्वस्त कापड येऊ लागलं होतं. सगळे देश एकमेकांना बाजार उघडून देत होते आणि बाबांसारख्यांची कामं जात होती. बाबा मला घेऊन घरी परतले आणि पॉवरलूमच्या एका कारखान्यात लागले. आई नर्स होती, तिची नोकरी पक्की. इथे जम बसेपर्यंत तिने तिकडेच राहायचं असं ठरलं. "थोडेच महिने," बाबा म्हणाले होते. त्याची दोन वर्षं झाली.

घरात काका, काकू, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही दोघं. काकूच्या मुलींचे केस लांब, सरळ, तेल लावलं की पाठीवर नुसते ओघळायचे. एकीची वेणी घालून दुसरीची घालेपर्यंत चहासुद्धा गार होत नसे. मग माझी पाळी. माझे केस ओले असताना खांद्यापर्यंत यायचे आणि सुकले की कानापाशी गोळा व्हायचे. एकेक केस स्प्रिंगसारखा, शेजारच्या केसाला धरून बसलेला. काकू टाळूपाशी फणी घालायची आणि खाली ओढायची. फणी बोटभर जायची आणि अडकायची.

"काथ्या आहे हा, बाल नाही," ती म्हणायची. "देवा, कुठून सुरुवात करू मी?"

कुठून सुरुवात करायची हे मला माहीत होतं. माझी सगळी चिडचिड त्यातलीच. आई कशी करायची ते मी रोज डोळ्यांपुढे बघत होते. ती केसांचे चार भाग करायची. एक भाग सोडून बाकीचे बांधून ठेवायची. सुटा भाग चिंब ओला करायची, त्यावर तेलाचा हात फिरवायची आणि मोठ्या दातांच्या लाकडी कंगव्याने आधी टोकं सोडवायची. मग थोडं वर, मग आणखी वर. तो भाग सुटला की लगेच त्याची वेणी, आणि मगच पुढचा भाग. ओल्या केसांवरच तेल लावायचं, म्हणजे पाणी आत राहतं. हे सगळं मला येत होतं, पण मागच्या केसांपर्यंत माझे हात पोचत नव्हते आणि मराठीत ते सांगायला तोंड पोचत नव्हतं. बाबांमुळे मला मराठी कळायचं. बोलायला गेले की आईची स्वाहिली मध्ये यायची.

"काकू, आधी पाणी. मग खालून."

"पाण्यात कोणी विंचरतं का? ओले बाल विंचरले की तुटतात. लहान पोरींना पण माहीत आहे."

"पोले पोले, काकू!" म्हणजे हळूहळू.

"पोळी? आधी डोकं होऊ दे, मग पोळी."

बहिणी हसायच्या. मला रडू यायचं, आणि रडताना तोंडातून "मामा!" निघायचं. स्वाहिलीत आईला मामाच म्हणतात. शेजारच्या आजी ओट्यावरून विचारायच्या, "काय गं, या पोरीचा मामा कुठे असतो? इतकी हाका मारते, तर येत का नाही?"

काकू वाईट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानेच जास्त कोंडी व्हायची. तिने मारलं असतं, टाकून बोलली असती, तर मी सरळ रागवू शकले असते. पण ती स्वयंपाक टाकून, कंबर धरून माझ्यामागे बसायची. शिकेकाई झाली, रिठे झाले, मुलतानी माती झाली. दुकानांत तेव्हा शाम्पूच्या रंगीत पुड्यांच्या माळा नव्यानेच लटकायला लागल्या होत्या. त्याही आणून झाल्या. प्रत्येक उपायाने केस आणखी कोरडे व्हायचे. मग ती कोरड्या केसांवर तेल थापायची. तेल वरवर चमकायचं, त्याला रस्त्याची धूळ चिकटायची आणि आत केस गवतासारखे मोडायचे. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागायच्या. माझ्या वेण्या दुपारपर्यंत फुगून वर उभ्या राहायच्या. बाई म्हणायच्या, "घर में कोई बाल बनानेवाला नहीं है क्या?"

एकदा मी बाबांच्या मागे लागले. म्हटलं, मामाला फोन करा, ती काकूला समजावून सांगेल. बाबा आम्हाला दोघींना चौकातल्या फोनच्या बूथवर घेऊन गेले. आईला लावून दिल्यावर मी तिला भराभर सगळं सांगितलं: फणीचं, शिकेकाईचं, तुटलेल्या केसांचं. ती म्हणाली, काकूला दे. काकूने रिसीव्हर कानाला लावला. आई तिच्या मोडक्या हिंदीत आणि बरीचशी स्वाहिलीत बोलत होती. काकू ओरडत होती, "हां भाभी! हां! अच्छा!" आणि माझ्याकडे बघून मान हलवत होती, की काही कळत नाही. शेवटी तिने फोन बाबांना दिला. आई त्यांच्याशी खूप वेळ बोलली. बाबा बूथच्या काचेवरच्या बिलाच्या आकड्यांकडे बघत "हं, हं" करत राहिले.

बाहेर आल्यावर काकूने विचारलं, "काय म्हणाल्या भाभी?"

बाबा म्हणाले, "जरा हळू कर म्हणते."

बस. चार भाग, पाणी, तेल, टोकं, वेणी, सगळं गेलं. मी रस्त्यात पाय आपटले. बाबा म्हणाले, "काकू एवढं करते तुझ्यासाठी, आणि तू असं वागतेस?"

त्यानंतर केळ्याचं झालं. काकूची बहीण शाहपूरला दिलेली होती. घरच्या बागा, त्यामुळे येताना केळ्याची फणीच घेऊन यायची. माझं डोकं बघून ती म्हणाली, "अगं, केळं लाव ना हिला. आमच्याकडे सगळ्या लावतात. रेशमासारखे होतात बाल."

दोघींनी मिळून पिकलेली केळी दह्यात कुस्करली आणि माझ्या डोक्यात चोळली. थंड वाटलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या केसांना काहीतरी ओलं, मऊ लावत होतं, आणि मला आशा वाटली. मला उन्हात बसवलं. दोघी बहिणी गप्पांत रमल्या. निमाडातलं ऊन ते. केळं वाळून कडक झालं. मग धुवायला घेतलं, तर दही निघालं आणि केळं नाही. सरळ केसांवरून ते वाहून जात असेल. माझ्या प्रत्येक वळणात एकेक कण जाऊन बसला होता. पाणी ओतलं की कण फुगायचे, फणी घातली की आणखी आत जायचे. मावशी "माझी बस चुकेल" म्हणून निघून गेली. काकू हेअरपिनेने एकेक कण टोकरत बसली. मी ओरडत होते, ती माझं डोकं गुडघ्यांत दाबून धरत होती. नळाचं पाणी गेलं तरी निम्मं डोकं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्याभोवती चिलटं घोंगावू लागली. मागच्या बाकावरची मुलगी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अरे, इसके सर में केला है!" पुढचे कित्येक महिने माझं नाव केलेवाली. त्या दिवशी घरी येऊन मी काकूची फणी उचलली आणि मागच्या गटारात फेकली. काकूने बघितलं. रविवारी नवी फणी होती, पहिल्यापेक्षा बारीक दातांची.

मी तेव्हापासून एकच गोष्ट मनात धरून बसले: मामा आली की सगळं ठीक होईल.

मामा आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तिने मला जवळ घेतलं आणि तिची बोटं माझ्या मानेवर अडकली. मागच्या बाजूला केसांचा एक घट्ट गठ्ठा झाला होता. शेजारच्या आजींनी तो बघून आधीच सांगून ठेवलं होतं, "जट आहे ही. देवीची असते, हात लावू नका." काकू तेव्हापासून त्या भागाला भीतभीतच हात लावायची. आईने गठ्ठा चाचपला.

पहिल्याच रविवारी ती मला घेऊन न्हाणीत बसली. चार भाग केले. मी डोळे मिटले. दोन वर्षांनी कोणीतरी बरोबर करत होतं. पण मग ती थांबली. साबण फेसाळत नव्हता. आमच्या घराचं पाणी जड. भांड्यांवर पांढरा थर धरायचा, हे घरच्यांना सवयीचं होतं. तिला नवीन होतं. साबणाचा चिकट राखाडी साका माझ्या केसांवर बसला, तो निघेना. तिने आणखी पाणी ओतलं, साका वाढला. तिचा तो लाकडी कंगवा, ज्याची मी इतकी वाट बघितली होती, तोही अडकला.

"माजी माबाया," ती पुटपुटली. वाईट पाणी.

काकू दारातच उभी होती. तिला शब्द कळला नाही, चेहरा कळला. "बघा," ती म्हणाली, "मी सांगत नव्हते? हे बाल असेच आहेत."

आईने कंगवा खाली ठेवला आणि कात्री मागितली. तिच्यासाठी त्यात काही विशेष नव्हतं. तिकडे शाळेत जाणाऱ्या बऱ्याच मुलींचे केस अगदी बारीक कापलेले असतात. काकूचा मात्र आवाज चढला. "पोरीच्या जातीचं डोकं भादरायचं? घरात कोणी मेलं का? आणि त्या जटेला कात्री लावायची? दोन वर्षं माझे हात मोडले या बालांपायी, आणि तुम्ही आज येऊन कापणार?"

आई तिला "दादा, दादा" म्हणत समजावत होती. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. काकूला वाटलं ती चेष्टा करतेय. "मी दादा दिसते का तुम्हाला?"

"बाल मर गया," आई म्हणाली. "मरा बाल काटो. नया आएगा."

"काही कापायचं नाही!"

दोघींचा एकेक हात माझ्या डोक्यावर होता. साक्याचं पाणी माझ्या डोळ्यांत उतरत होतं. मी उठले, पाट लाथाडला आणि ओरडले, "माझं डोकं आहे! मला कोणी विचारतच नाही!"

इतकं सलग मराठी मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. काकूने हात काढला. आईला अर्थ कळला नसेल, पण तिनेही हात काढला. मग काकूने विचारलं, "बरं, सांग. काय करायचं?"

आणि मला काहीच सांगता येईना. इतके दिवस मला फक्त मामा हवी होती, पुढचा विचार मी केलाच नव्हता. मला माझाच इतका राग आला की मी तशीच, अर्धं डोकं ओलं ठेवून बाहेर जाऊन बसले. काकूने टॉवेल आणून खांद्यावर टाकला.

परीक्षा संपल्यावर मीच आईला म्हटलं, काप. तिने न्हाणीतच कापले, बोटभर ठेवले. त्या वेळी काकू देवापुढे दिवा लावून स्वयंपाकघरात बसून राहिली. पहिल्या दिवशी माझं डोकं तांब्याभर पाण्यात धुऊन झालं. हलकं वाटलं. पण इतकं सोपं होतं तर इतके रविवार कशासाठी रडले, असंही वाटलं, आणि त्याने आनंद अर्धा झाला. गल्लीतली मुलं "ए लडका" म्हणायची, ते वेगळंच.

नवे केस येऊ लागले तसं हळूहळू जमत गेलं. तुरीची डाळ त्या पाण्यात शिजत नाही म्हणून काकू पाणी उकळून, निवळून घ्यायची. एक दिवस तेच पाणी तिने आईपुढे ठेवलं: "यात धुऊन बघा." साबण फेसाळला. आईने मला समोर बसवून चार भाग करायला शिकवलं. तेल तिला खोबरेलच हवं असायचं. काकू एरंडेल मिसळायची. त्यावरून दोघी रोज वाद घालायच्या, एक हिंदीतून, दुसरी बुऱ्हाणपुरी मराठीतून, आणि डोकं माझं. ओले केस विंचरायचे हे काकूला शेवटपर्यंत पटलं नाही. मी विंचरायला बसले की ती तोंड फिरवायची.

आजही मी याच शहरात राहते, शिकवते. केसांना अजूनही अर्धा रविवार लागतो. पाणी आदल्या दिवशी उकळून ठेवावं लागतं, विसरले तर आठवडा वाया. पार्लरमधली मुलगी प्रत्येक वेळी विचारते, "मॅडम, सरळ क्यों नहीं करवा लेतीं?" आणि मी प्रत्येक वेळी चिडते. चाळीशी उलटली तरी उत्तर देताना आवाज चढतोच.

माझ्या मुलीचे केस तिच्या बाबांवर गेलेत, जवळजवळ सरळ. तिची तक्रार अशी की रिबीन टिकत नाही, वेणी घसरते, शाळेत पोचेपर्यंत सुटते. रोज सकाळी कुरकुर करत माझ्यापुढे बसते. मी म्हणते, "मान सरळ ठेव." ती म्हणते, "आई, तुला कळतच नाही, माझे केस किती त्रासाचे आहेत."