जप्त केलेली घोडी

मी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आधी धुळ्यात, मग जळगावात. आमच्या घरी देव्हारा नव्हता. भिंतीवर घटनाकारांची एक तसबीर होती आणि वडिलांचा एक हट्ट होता: मागायचं ते लेखी मागायचं, खाली सही करायची आणि पोच घ्यायची. तोंडी बोलणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात, हे त्यांनी आयुष्यभर सोसलं होतं. त्यामुळे माझं अक्षर चांगलं आहे आणि कायद्यावरचा माझा विश्वास त्याहून पक्का होता.

होता म्हणते, त्याला एक घोडी कारण आहे.

शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, धरणगावच्या बाजूच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एप्रिल संपत आला होता. वरात चार वाजता निघाली तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. पुढे बँड, मागे पांढऱ्या घोडीवर नवरदेव. घोडी पुढचे पाय उचलून नाचत होती आणि माणसं तिच्यावरून नोटा ओवाळत होती. बायकांच्या घोळक्यातून मी तिच्या तोंडाशी आले तेव्हा दिसलं, की तिच्या तोंडाचा फेस लाल आहे. लगामाच्या सळईला आतून काटे होते. मालक ओढायचा, काटे रुतायचे, घोडी मागच्या पायांवर उभी राहायची. त्यालाच सगळे नाच म्हणत होते. असा लगाम घालायला कायद्याने बंदी आहे, हे मला पाठ होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. न जेवता, नेसलेल्या पैठणीनिशी रिक्षा करून मी जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, गुन्हा सिद्ध झाला तरी दंड पन्नास रुपये,” तो म्हणाला. “तुमचं रिक्षाभाडं त्याहून जास्त झालं असेल.”

झालंच होतं. “तरीही माझी तक्रार घ्या,” मी म्हणाले आणि त्याच्याच टेबलावर दीड पान लिहून काढलं. शेवटी स्वतःच्या डोक्याने एक वाक्य घातलं: ‘सदर घोडी कोणत्याही परिस्थितीत मालकाच्या ताब्यात देऊ नये व त्यास तिच्याजवळ येऊ देऊ नये.’ त्या वाक्याचं मला फार कौतुक वाटलं. वडील असते तर त्यांनी ते दोनदा वाचलं असतं.

संध्याकाळी पंचनामा झाला. लगाम काढून कापडात गुंडाळला, लाखेचं सील मारलं, चिठ्ठीवर माझी सही घेतली. घोडीला ठाण्यामागच्या निंबाला बांधलं. मालक चाळिशीचा, हडकुळा माणूस. हात जोडून माझ्यासमोर उभा राहिला.

“काटाना लगाम बठ्ठाच घोडीवाला घालतस, अक्का. नही घाला ते घोडी नाचत नही, नि नही नाचनी ते कोनी बलावत नही. तिले मी लहानपनथून पाळेल शे.”

“हे सगळं कोर्टात सांगा, भाऊ,” मी म्हणाले. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाशी बोलायचे त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवसापासून मी जळगावला, मेहरूणच्या घरी बसून फोन करत राहिले. जप्त जनावर गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवावं, असा नियम आहे. पहिल्या गोशाळेने सांगितलं, आम्ही गाय-बैलच घेतो. दुसरीने सांगितलं, घोड्याला गोठा वेगळा लागतो. प्राण्यांसाठी म्हणे जिल्ह्याची समिती असते. ती कुठे बसते, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे बरीच गावं होती, ते उद्या येणार होते. प्रत्येकाने सभ्यपणे हात झटकले. घोडी जप्त करायला कलम होतं, तिला ठेवायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराचा फोन आला.

“मॅडम, घोडी पाणी पीत नाहीये. मालक फाटकावर आलाय. म्हणतो, दुसऱ्याच्या हातचं ती पीत नाही. त्याला आत सोडू का? तुमच्या अर्जात ते वाक्य आहे, म्हणून विचारतो. तुमची हरकत नाही असं म्हणा, बाकी मी बघतो.”

मला वाटलं, यांचं आपसात साटंलोटं झालं. आज पाणी पाजायला सोडतील, उद्या घोडी घेऊन हा पसार होईल. या देशात खटले असेच मरतात, असं मी मुलांना शिकवत आले होते.

“माझी हरकत आहे,” मी म्हणाले. “लेखीच आहे.”

“ठीक आहे मॅडम,” तो म्हणाला.

त्यानंतर मी जेवले, झोपलेही. पाचव्या दिवशी सकाळी मी घोडीला बघायला गेले, तर ती निंबाखाली आडवी पडलेली होती. तोंडाजवळची बादली अर्धी भरलेली, पाण्यात निंबाची पानं. डॉक्टर तासाभरात आले. घोडी जिवंत असताना तीन दिवस ज्यांची वाट पाहिली, ते शवविच्छेदनाला लगेच मिळाले. तिच्या तोंडातल्या जखमांत किडे पडले होते आणि कुणी साधं औषधही लावलं नव्हतं. मला स्वतःची किळस आली. त्या घोडीसाठी मी एवढं लिहिलं, पण एकदाही तिच्या मानेवर हात ठेवला नव्हता.

हल्ली कायदा कडक करा, दंड वाढवा, म्हणून कॉलनीत सह्यांचे कागद फिरतात. मी सही करते. पन्नास रुपयांची लाज वाटायलाच हवी. पण जप्त केलेल्या जनावराला पाणी कोण पाजणार, हे त्या कागदावर कधीच नसतं. शेजारणीला मी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, “तुम्ही फार खोलात जाता.”

वर्षभराने खटला उभा राहिला. मला लगाम ओळखायला बोलावलं होतं. कापडाची गुंडाळी समोर ठेवली. सील शाबूत, चिठ्ठीवरची माझी सही जशीच्या तशी. आतला लगाम कोरडा, गंजही धरलेला नाही. कपाटात कुलूप लावून तो नीट जपला होता. मालकाने गुन्हा कबूल केला, दंड भरला. सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

बाहेर आल्यावर तो पायरीवर माझ्याजवळ येऊन थांबला. तो आता नशिराबादजवळ विटा उचलायला जातो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“अक्का, एक इचारू? तिसरा दिनले मी बालदी लिसन फाटकवर उभा व्हतू. हवालदारनी कोनले तरी फोन करा, नि मंग माले म्हने, नही. कोन नही म्हनं, तुमले मालूम शे का?”

माझ्या पिशवीत माझ्या अर्जाची पोच होती. तीस वर्षं मी मुलांना सांगितलं होतं, की खरं बोलायला नागरिकाने घाबरू नये.

“त्यांचे साहेब म्हणाले असतील,” मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि तो बसस्टँडकडे चालू लागला.